शोधनिबंध पाठवण्याआधी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इतिहास आणि सामाजिक शास्त्रांचे एक छोटे मराठी त्रैमासिक आहे. त्याच्या संपादनाचे काम मी बघतो. टपालाने, ईमेलने आणि आता रात्री अकरा वाजता व्हॉट्सअ‍ॅपवर येणारे प्रश्न साधारण तेच ते असतात, म्हणून उत्तरे एकदाच लिहून काढली आहेत. सोपे आधी, अडचणीचे नंतर. एका उत्तरात आलेली गोष्ट पुन्हा लिहिलेली नाही, तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. शोधनिबंध आणि साधा लेख यांत नेमका फरक काय?

पेशवाईत पुण्याला कात्रजच्या तलावाचे पाणी यायचे, एवढे रविवारच्या पुरवणीत लिहिले तरी चालते. शोधनिबंधात त्याच वाक्यावर चार प्रश्न उभे राहतात. खर्च कुठल्या कागदात पडला आहे? यावर आधी कोणी लिहिले आहे? त्यांचे म्हणणे काय होते? आणि तुम्ही त्यात नवे काय घालता? चौथ्या प्रश्नाला उत्तर नसेल, तर निबंध कितीही नेटका असला तरी तो लेखच. लेख लिहिणे कमीपणाचे नाही. फक्त तो आमच्याकडे पाठवू नका.

२. "आमच्या गावाचा इतिहास" हा विषय चालेल का?

गाव चालेल, "इतिहास" हा शब्द फार मोठा आहे. गावातली पाटीलकीची एखादी तक्रार, १८७६–७८ च्या दुष्काळात तालुक्यात निघालेली कामे, बलुतेदारांच्या मानपानाचा एखादा तंटा, इनाम कमिशनपुढे (इनामांचे हक्क तपासणारी इंग्रजी अमलातली चौकशी) गावच्या देवस्थानाने मांडलेला दावा: यातले एक घ्या. आधी बघायचे ते इतकेच, की त्या विषयाचे कागद शिल्लक आहेत का. सुंदर विषय आणि शून्य कागद अशी जोडी दर वर्षी येते.

त्याच वेळी शोधगंगेवर एक फेरी मारा. गांधीनगरचे इन्फ्लिबनेट केंद्र ती चालवते, देशभरातल्या विद्यापीठांचे लाखो प्रबंध तिथे फुकट वाचता येतात. तुमचा विषय आधी झालेला असेल तर ते आत्ताच कळलेले बरे.

३. मी प्राध्यापक नाही, पीएच.डी.ही नाही. निबंध पाठवला तर वाचाल का?

वाचू. वि. का. राजवाडे कुठल्या विद्यापीठात नोकरीला नव्हते, आणि त्यांनी १८९८ पासून काढलेले "मराठ्यांच्या इतिहासाची साधने"चे २२ खंड आजही टेबलावर लागतात. निवृत्त तलाठी, शाळामास्तर, वकील यांनी मराठीत फार चांगले काम केले आहे. नावाखाली "स्वतंत्र संशोधक" आणि गाव लिहा. परीक्षकाला तुमचे नाव कळतच नाही (प्रश्न १५), त्यामुळे पदवीचा फायदा नाही, तोटाही नाही.

४. अस्सल कागद बघायला कुठे जायचे?

विषय कुठल्या काळाचा आणि कोणत्या राज्याचा, यावर ते ठरते.

पेशवाईसाठी पुणे पुरालेखागार, म्हणजे लोकांच्या तोंडचे पेशवे दफ्तर. कागद फडक्यात बांधलेल्या रुमालांत असतात आणि रुमालांचे प्रकार आहेत: रोजकीर्द (रोजचा जमाखर्च), घडणी (खातेवार हिशेब), प्रांत अजमास (प्रांतांच्या वसुलाचे अंदाज), पागा, पथके, चिटणिशी (पत्रव्यवहार) वगैरे. जमाखर्च हवा असेल तर चिटणिशीत महिना घालवू नका, आणि राजकारण हवे असेल तर प्रांत अजमासात शिरू नका. गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली १९३० ते १९३४ या काळात या दफ्तरातल्या निवडक कागदांचे ४५ खंड छापले गेले. आधी ते चाळा. "निवडक" हा शब्द मात्र विसरू नका. त्या निवडीत राजकारण आणि मोहिमांना मान मिळाला. बाजारभाव, न्यायनिवाडे, स्त्रियांचे अर्ज यांतले बरेच अजून रुमालातच आहे.

कंपनी सरकार आणि मुंबई इलाख्यासाठी मुंबईला काळा घोड्याजवळ एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतले राज्य पुरालेखागार. करवीरसाठी कोल्हापूर. शिवाय नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर. पुण्यातलेच भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० साली स्थापन झाले. खासगी घराण्यांची दफ्तरे तिथे आहेत. धुळ्याला राजवाडे संशोधन मंडळ.

पोर्तुगीजांशी संबंध असेल तर पणजी गाठावी. गोव्याच्या पुरालेखागाराचा आरंभ १५९५ चा, पहिला दफ्तरदार दियोगु दु कुतु. तिथे पोर्तुगीज वाचता आली पाहिजे, कोकणी-मराठीवर भागत नाही. मराठी कागद महाराष्ट्राबाहेरही आहेत. तंजावरच्या सरस्वती महालात मोडीचे ढीग आहेत आणि वडोद्याला गायकवाडांचे दफ्तर. केंद्र सरकारचे कागद दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात. त्यांचा बराच भाग आता "अभिलेख पटल" या संकेतस्थळावर घरबसल्या दिसतो.

जाताना मार्गदर्शकाचे किंवा एखाद्या संस्थेचे पत्र, ओळखपत्र, छायाप्रत आणि पेन्सिल न्यावी. बहुतेक ठिकाणी वाचनकक्षात शाईचे पेन नेऊ देत नाहीत, आणि ते बरोबरच आहे.

५. मोडी येत नाही. मोडी वाचकाकडून लिप्यंतर करून घेतले तर चालेल?

चालेल, पण त्याचे नाव ऋणनिर्देशात आलेच पाहिजे आणि मूळ कागदाचे छायाचित्र आम्हाला दाखवावे लागेल.

माझा आग्रह मात्र वेगळा आहे. मोडी शिकाच. अक्षरे आठ-दहा दिवसांत ओळखू येतात. त्यापुढचा पल्ला लांबचा आहे. मोडीत आधी रेघ ओढून तिच्याखाली अक्षरे लटकवत जायची पद्धत, त्यामुळे शब्द तोडलेला नसतो. इकार-उकाराचा ऱ्हस्व-दीर्घ भेद नाही, म्हणून "दिन" आणि "दीन" दिसायला एकच. त्यात शिवकालीन मोडीचे वळण वेगळे, पेशवाईतल्या चिटणिसांचे वेगळे आणि इंग्रजी अमलातल्या कारकुनाचे तर अगदीच वेगळे. "रा।" म्हणजे राजश्री, "ता।" म्हणजे तागायत की तालुका हे वाक्य सांगते, अक्षर सांगत नाही.

आमच्याकडे आलेल्या एका निबंधाचा सगळा डोलारा "गाव उजाड जाहला" या ओळीवर उभा होता. परीक्षकांनी छायाचित्र मागवले. मूळ शब्द "उजू" होता. गाव रुजू झाला होता, म्हणजे हजर होऊन वसूल भरू लागला होता. लिप्यंतर करणाऱ्याने पैसे घेतले आणि गेला. निबंध लेखकाच्या नावावर होता.

६. दफ्तरातल्या कागदाची तळटीप कशी द्यायची?

अशी, की उद्या दुसरा माणूस तीच टीप हातात घेऊन जाईल आणि तोच कागद त्याच्या हातात पडेल. क्रम साधारण असा: पुरालेखागाराचे नाव, दफ्तर, रुमालाचा प्रकार, रुमाल क्रमांक, पुडके असेल तर त्याचा क्रमांक, कागदाचा क्रमांक असेल तर तो, कोणी कोणाला लिहिले, आणि कागदावरची मूळ तारीख. इसवी सनातली तारीख त्याच्यापुढे कंसात. मूळ तारीख गाळून फक्त इसवी लिहू नका. का, ते पुढच्या प्रश्नात आहे.

"पेशवे दफ्तर, पुणे" एवढीच टीप म्हणजे "पुण्यात राहतात" असा पत्ता. मी स्वतः विद्यार्थी असताना चिटणिशीतल्या एका पत्राचा रुमाल क्रमांक वहीत टिपायचा राहिला. ते पत्र पुन्हा शोधायला सतरा दिवस लागले. तेव्हापासून मी आधी क्रमांक लिहितो, मग फडके सोडतो.

टीपपद्धती कोणती, असेही विचारतात. इतिहासवाले तळटीपांची शिकागो पद्धत वापरतात, मानसशास्त्र-शिक्षणशास्त्रात एपीए, म्हणजे मजकुरातच कंसात लेखक आणि वर्ष देण्याची पद्धत, चालते. आम्हाला दोन्ही चालतात. एकाच निबंधात दोन्ही मात्र चालत नाहीत.

७. तारखांचा घोळ होतो. शके, शुहूर, फसली यांची इसवी कशी काढायची?

सर्वांत जास्त चुका इथे होतात, म्हणून जरा सावकाश.

शकाचे वर्ष चैत्रात बदलते आणि इसवीचे जानेवारीत. म्हणून चैत्रापासून डिसेंबरअखेरपर्यंत शकात ७८ मिळवायचे आणि जानेवारीपासून फाल्गुनअखेरपर्यंत ७९. पानिपतची तिथी बघा: शके १६८२, पौष शुद्ध अष्टमी. ७८ मिळवले तर १७६० येते, आणि मराठ्यांचा पराभव एक वर्ष आधी येतो. खरी तारीख १४ जानेवारी १७६१. पौष त्या वेळी जानेवारीत होता, म्हणून ७९.

शुहूर सन, ज्याला अरबी सनही म्हणतात, मृग नक्षत्राला बदलतो. मृगापासून डिसेंबरपर्यंत ५९९, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६०० मिळवायचे. हा सन आकड्यांत कमी आणि अरबी शब्दांत जास्त लिहितात, तोही उलट्या क्रमाने. "इहिदे सितैन मया व अलफ" म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार. बेरीज ११६१. पानिपत त्याच सालात पडते: ११६१ अधिक ६००, १७६१. दोन वेगळ्या सनांवरून एकच वर्ष आले की जीव भांड्यात पडतो. कागदावर दोन्ही असतील तर नेहमी ताळा करून बघा.

दक्षिणी फसलीत, म्हणजे महसुली सनात, ५९० किंवा ५९१ मिळवतात. हिजरी चांद्र असल्यामुळे त्यात ठरावीक आकडा मिळवून भागत नाही, जंत्रीच उघडावी लागते.

आता इंग्रजी कागद. इंग्लंडने नवी (ग्रेगोरियन) दिनगणना १७५२ मध्ये घेतली. पोर्तुगीजांनी ती १५८२ मध्येच घेतली होती. त्यामुळे सतराव्या शतकात सुरत-मुंबईच्या इंग्रज वखारींची पत्रे आणि गोव्याची पोर्तुगीज पत्रे एकाच दिवसाला दहा दिवसांच्या फरकाने लिहितात. शिवराज्याभिषेकाची ६ जून १६७४ ही तारीख जुन्या गणनेची आहे. नव्या गणनेने तो दिवस १६ जूनला येतो. शिवाय जुन्या इंग्रजी रिवाजात नवे वर्ष २५ मार्चला लागायचे, म्हणून फेब्रुवारीतल्या इंग्रजी पत्राचे साल दोनदा तपासा.

८. आजोबांच्या पेटीत मोडी कागद निघाले. त्यावर निबंध लिहिता येईल का?

येईल, आणि असे कागद बाहेर यायलाच हवेत. पण आधी काही गोष्टी. कागद चिकटपट्टीने जोडू नका आणि लॅमिनेशन तर मुळीच करू नका. एकदा प्लॅस्टिकमध्ये गेलेला कागद सुखरूप बाहेर निघत नाही. ज्या क्रमाने पेटीत होते त्याच क्रमाने फोटो काढा, पाठीमागच्या बाजूसह. पाठीवर पुष्कळदा पोचल्याची तारीख किंवा शेरा असतो.

निबंधात कागद कोणाच्या ताब्यात आहेत, ते घराण्यात कसे आले, हे स्पष्ट लिहा. कागद अस्सल आहे, नक्कल आहे की नंतर कोणी हक्क सिद्ध करायला तयार केला आहे, याची चर्चा टाळू नका. वतनाच्या भांडणात बनावट सनदा भरपूर झाल्या. इनाम कमिशनच्या काळात तर त्यांना ऊतच आला होता. स्वतःच्या घराण्याचा मोठेपणा सांगणारा कागद दिसला की शंका दुप्पट घ्या. ती आमच्या परीक्षकांना येणारच असते.

९. मुलाखतींवर आधारलेला निबंध चालतो का? परवानगी कशी घ्यायची?

चालतो. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या मुंबईच्या गिरणी संपाबद्दल कागदांत जे आहे, त्यापेक्षा लालबाग-परळच्या चाळींतल्या माणसांच्या तोंडी जास्त आहे. संमती लेखी असावी. सही करायला बिचकणाऱ्या माणसाची संमती त्याच्याच बोलीत ध्वनिमुद्रित केली तरी आम्ही मान्य करतो. काय छापणार, नाव देणार की बदलणार, आणि नंतर तो नाही म्हणाला तर काय, हे आधी सांगा.

नाव बदलले म्हणजे ओळख लपली, हा मोठा गैरसमज आहे. नाव "सुमन" केले, पण तालुका, जात, वय आणि "पंचायत समितीची पहिली महिला सभापती" हे तसेच ठेवले, तर त्या तालुक्यात ती बाई कोण हे शेंबडे पोरही सांगेल.

आठवणीतली तारीख घटनेचा पुरावा म्हणून वापरू नका. त्या दिवसांची वर्तमानपत्रे काढून ताडून बघा.

१०. पीएच.डी.साठी निबंध छापून येणे सक्तीचे आहे का?

यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, पातळीवर नाही. २०१६ च्या नियमांत प्रबंध सादर करण्याआधी किमान एक निबंध छापण्याची आणि परिषदांत दोन निबंध वाचण्याची अट होती. नोव्हेंबर २०२२ च्या नव्या नियमांनी ती काढली, त्याच नियमांनी एम.फिल.ही बंद झाले. तुमच्या विद्यापीठाने आपली वेगळी अट ठेवली आहे का, ते विभागात लेखी विचारा. "सर म्हणाले" यावर विसंबू नका. अट नसेल तर घाईने काहीतरी छापून घेण्याचे कारणही उरत नाही.

११. तुमचे त्रैमासिक यूजीसी केअर यादीत आहे का?

हा प्रश्न अजून रोज येतो. मान्य नियतकालिकांची ती यादीच आता नाही. २०१९ पासून चाललेली, आणि जिचे बरेच काम पुण्याच्या विद्यापीठातून होत होते ती केअर यादी यूजीसीने फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद केली. नियतकालिक पारखण्यासाठी आता फक्त सुचवलेले निकष आहेत आणि निर्णय संस्थेवर सोपवला आहे.

याद्यांवर माझा फारसा जीव नव्हता. केअरच्या आधीच्या मान्यताप्राप्त यादीतून मे २०१८ मध्ये एका फटक्यात ४,३०५ नियतकालिके काढावी लागली, यावरून ती कशी भरली गेली होती ते कळावे. पण यादी गेल्याने पारखण्याची जबाबदारी एकट्या विद्यार्थ्यावर आली, हेही खरे. नियतकालिके कशी पारखायची, त्यासाठी पुढचा प्रश्न.

१२. "तीन दिवसांत प्रकाशन, प्रमाणपत्रासह, रु. १,८००" असा मेसेज आला आहे. पाठवू का?

नको. तीन दिवसांत परीक्षण होत नाही. पाकीट फोडायलाच आम्हाला तीन दिवस लागतात.

ओळखायच्या खुणा सांगतो. एकाच अंकात मत्स्यव्यवसाय, संत साहित्य आणि जीएसटी. संपादक मंडळातल्या लोकांचे ईमेल नाहीत, किंवा त्यांना फोन केला तर त्यांनाच पत्ता नाही. "इम्पॅक्ट फॅक्टर ७.९" असा आकडा, पण तो कोणी दिला ते नाही. खरा इम्पॅक्ट फॅक्टर, म्हणजे नियतकालिकातल्या निबंधांचा सरासरी किती वेळा संदर्भ घेतला गेला तो आकडा, क्लॅरिव्हेट ही कंपनी काढते, बाकीचे बहुतेक विकत मिळतात. प्रमाणपत्राचा नमुना मुखपृष्ठापेक्षा मोठा.

यापेक्षा फसवा प्रकार म्हणजे नक्कल संकेतस्थळ: जुन्या प्रतिष्ठित नियतकालिकाचे नाव आणि आयएसएसएन क्रमांक (प्रश्न १३) तेच, पण पान दुसऱ्याचे आणि पैसे भलत्याच्या खात्यात. म्हणून छापील अंकावरच्या पत्त्यावर पत्र टाकून खात्री करा.

पैसे मागितले की फसवणूक, असे मात्र समजू नका. खुले वाचन देणारी काही चांगली नियतकालिके प्रक्रिया शुल्क घेतात. ती निबंध स्वीकारल्यानंतर मागतात आणि दर आधीपासून जाहीर असतो. आम्ही काही घेत नाही, आणि छापल्याबद्दल काही देतही नाही.

१३. आयएसएसएन क्रमांक आहे म्हणजे नियतकालिक चांगले, बरोबर?

नाही. तो गाडीच्या नंबरप्लेटसारखा असतो. गाडी कोणती हे त्यावरून कळते, ब्रेक लागतात का ते कळत नाही. नियतकालिकाला आयएसएसएन आणि पुस्तकाला आयएसबीएन, आपल्याकडे दोन्ही सरकारी यंत्रणेकडून फुकट मिळतात. परिषदेत वाचलेले पन्नास निबंध एकत्र बांधून त्यावर आयएसबीएन टाकला, म्हणजे त्यांचे परीक्षण झाले असे होत नाही.

१४. मराठीत लिहू की इंग्रजीत?

ज्यांनी वाचावे असे वाटते त्यांच्या भाषेत. दख्खनच्या महसुलावर लिहिताना जगभरच्या अभ्यासकांशी वाद घालायचा असेल तर इंग्रजी. मुंबईहून निघणारे "इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली" तर घरचेच आहे. १९४९ मध्ये "इकॉनॉमिक वीकली" म्हणून निघालेले हे साप्ताहिक १९६६ पासून आजच्या नावाने चालते. उलट मोडी कागद छापून त्यावर बोलायचे असेल तर मराठीच. "मिरासदार", "उपरी", "वेठ", "पट्टी" हे शब्द इंग्रजीत नेताना प्रत्येकाला अर्धे पान टीप लागते.

मराठीत छापायच्या जागा कमी आहेत, पण आहेत: भारत इतिहास संशोधक मंडळाचे त्रैमासिक, मराठी संशोधन मंडळाची पत्रिका, वाईचे "नवभारत", अर्थशास्त्रासाठी मराठी अर्थशास्त्र परिषदेचे "अर्थसंवाद". मराठी निबंधाला कमी गुण मिळतात ही तक्रार मी वीस वर्षे ऐकतो आहे आणि ती खोटी नाही. इलाज माझ्याकडे नाही. निबंधाला इंग्रजी सारांश जोडा, निदान शोधणाऱ्याला तो सापडेल.

तोच निबंध दोन्ही भाषांत द्यायचा असेल तर प्रश्न १६ बघा.

१५. परीक्षण म्हणजे काय होते? उत्तर यायला इतका वेळ का?

आधी संपादक वाचतात. निम्मे निबंध इथेच परत जातात, बहुधा नवे काही नसल्यामुळे किंवा टिपा नसल्यामुळे. उरलेला निबंध नाव काढून दोन परीक्षकांकडे जातो. परीक्षकाला लेखक कळत नाही, लेखकाला परीक्षक. परीक्षक हे काम फुकट करतात, आपली नोकरी सांभाळून. चार ते सहा महिने धरा. पेपर तपासणीच्या हंगामात आणखी एक.

"फेरबदल करून पुन्हा पाठवा" असे उत्तर आले तर पेढे वाटा. तो नकार नाही. प्रत्येक शेऱ्यापुढे तुम्ही काय केले ते लिहून पाठवा. शेरा चुकीचा वाटला तर तसे पुराव्यानिशी सांगा, आम्ही लेखकाची बाजू बरेचदा मान्य केली आहे. निबंध पाठवताना फाइलच्या नावातून, ऋणनिर्देशातून आणि "मी माझ्या आधीच्या निबंधात दाखवल्याप्रमाणे" असल्या वाक्यांतून आपले नाव काढायला विसरू नका.

१६. एकच निबंध दोन ठिकाणी पाठवला तर? भाषांतर करून?

एका वेळी एकाच ठिकाणी. दुसरीकडे पाठवायचा असेल तर आधी लेखी मागे घ्या. भाषांतर चालते, पण दोन्ही संपादकांना कळवून आणि "हा निबंध आधी इंग्रजीत अमुक अंकात आला आहे" अशी टीप देऊन. टीप नसेल तर ते स्वतःचेच वाङ्मयचौर्य होते, आणि यूजीसीने २०२० मध्ये त्यालाही नको म्हटले आहे.

१७. वाङ्मयचौर्याची १० टक्क्यांची मर्यादा म्हणजे १० टक्के उचलायला मोकळीक आहे का?

नाही हो. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांनुसार १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा नाही, एवढाच त्याचा अर्थ. १० ते ४० टक्के असेल तर प्रबंध दुरुस्त करून सहा महिन्यांच्या आत पुन्हा द्यावा लागतो. ४० ते ६० मध्ये एक वर्ष सादर करता येत नाही. ६० च्या वर नोंदणी रद्द. श्रेय देऊन केलेली अवतरणे, संदर्भसूची, ऋणनिर्देश हे मोजणीत धरत नाहीत. त्यामुळे पेशव्याचे पत्र अवतरणात पूर्ण छापल्याने टक्के वाढले, तर घाबरू नका. अवतरण वेगळे काढून पुन्हा मोजायला सांगा.

साम्य मोजणारे यंत्र मराठीत गाफील असते. छापील पुस्तकातला, इंटरनेटवर नसलेला परिच्छेद जसाच्या तसा घातला तर यंत्र शून्य टक्के दाखवेल. परीक्षकाच्या कपाटात मात्र तेच पुस्तक असते. दोनदा असे झाले आहे आणि एकदा तर ते पुस्तक परीक्षकांनीच लिहिलेले होते.

१८. एआयकडून लिहून घेतले तर चालेल का? मोडी वाचायला वापरले तर?

भाषा तपासायला वापरले असेल तर तसे एका ओळीत सांगा. लेखक म्हणून त्याचे नाव येणार नाही, कारण चुकीची जबाबदारी ते घेऊ शकत नाही. संदर्भ त्याच्याकडून मागू नका. आमच्याकडे आलेल्या एका निबंधातले तीन ग्रंथ शोधून थकलो, ते कधी छापलेच गेले नव्हते. शीर्षके मात्र वाचावीशी वाटत होती.

मोडीला २०१४ पासून युनिकोडमध्ये जागा आहे, पण हस्तलिखित मोडी यंत्राने वाचणे वेगळे. यंत्राने केलेले लिप्यंतर कच्चा मसुदा म्हणून घ्या आणि प्रश्न ५ मधला "उजू" आठवा.

१९. मार्गदर्शकांचे नाव सहलेखक म्हणून घालावेच लागते का?

लेखनात किंवा संशोधनात त्यांचा खरा वाटा असेल तर घाला. सही केली, विषय सुचवला, एवढ्यासाठी ऋणनिर्देश आहे. हे आम्ही इथून लिहिणे सोपे आणि तुम्ही तिथे बोलणे अवघड, याची जाणीव आहे. म्हणून निबंधासोबत प्रत्येक लेखकाने काय काम केले याचा तक्ता आम्हीच मागतो. नियम आमचा आहे असे सरांना सांगा.

२०. जुन्या पुस्तकातला मजकूर किंवा चित्र छापायला परवानगी लागते का?

भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे हक्क राहतो, मृत्यूच्या पुढच्या वर्षारंभापासून मोजून. जदुनाथ सरकार १९५८ मध्ये वारले, त्यांचे लेखन २०१९ पासून मोकळे. सरदेसाई १९५९ मध्ये, त्यांचे २०२० पासून. सरकारी प्रकाशनांना प्रसिद्धीपासून ६० वर्षे. हक्क चालू असला तरी अभ्यासासाठी, श्रेय देऊन, मोजका उतारा घेता येतो. प्रस्तावनाच्या प्रस्तावना नाही.

मूळ मोडी पत्राचा हक्क सहसा आड येत नाही, पण पुरालेखागारात काढलेला फोटो छापायला त्या संस्थेची परवानगी लागते. ती लेखी घ्या.

२१. परदेशी नियतकालिके वाचायला पैसे नाहीत. काय करू?

सरकारी महाविद्यालयात किंवा विद्यापीठात असाल तर ग्रंथपालांना "एक राष्ट्र, एक सदस्यता" योजनेबद्दल विचारा. २०२५ पासून सुमारे १३,००० नियतकालिके तिच्यातून उघडली आहेत. अजून पुष्कळ विद्यार्थ्यांना आपले महाविद्यालय त्यात आहे हेच माहीत नाही. संस्थेबाहेर असाल तर लेखकाला सरळ ईमेल करा. दहातले सात जण दोन दिवसांत पीडीएफ पाठवतात, आपले कोणी वाचते आहे याच आनंदात.

२२. छापून आल्यावर चूक सापडली. आता?

कळवा. टंकदोष असेल तर पुढच्या अंकात शुद्धिपत्र निघते आणि संकेतस्थळावरच्या प्रतीला ते जोडले जाते. मूळ फाइल गुपचूप बदलत नाही. निष्कर्षच ढासळत असेल तर निबंध मागे घेतल्याची सूचना छापतो, पण निबंध पुसत नाही. ज्यांनी तो आधीच संदर्भात घेतला, त्यांनाही काय झाले ते कळायला हवे.

आमचे सर्वांत लांबलचक शुद्धिपत्र माझ्याच निबंधाचे आहे. माघातल्या सात पत्रांना मी ७८ मिळवले होते. दोन्ही परीक्षकांच्या नजरेतून ते सुटले. अंक निघाल्यावर आठ दिवसांनी एका निवृत्त शिक्षकांचे पोस्टकार्ड आले: "निबंध आवडला. मात्र माघ महिना दिवाळीच्या आधी येतो असे आपल्याकडे कधीपासून?" प्रश्न ७ त्यानंतर लिहिला.